उजव्या दारावरचा हात

१

पिकअपच्या दारावर हात उमटला होता, आणि तो ज्याचा म्हणून सगळे ओळखत होते त्या एरास्टसला समुद्रानं नेऊन वर्ष होत आलं होतं.

पहिल्यांदा तो दिसला अक्सेल गाओसेबला. अक्सेल जुन्या गाड्यांचा गंज काढून त्या रंगवायचा. वॉल्व्हिस बे या बंदराच्या गावात त्याला कामाची ददात नव्हती. इथलं धुकं रोज समुद्रावरून मीठ घेऊन येतं, आणि पत्रा माणसाच्या आधी म्हातारा होतो. त्या गुरुवारी सकाळी तो नेलागोच्या अंगणात शिरला, गाडीजवळ पडलेलं फडकं उचलायला वाकला, आणि तसाच मागं फिरून गल्लीपलीकडच्या दारावर धडका मारू लागला.

"मेमे! मेमे लोविसा! बाहेर या!"

मेमे म्हणजे आई; इथं कुठल्याही बाईला मानानं तशीच हाक मारतात. मेमे लोविसांनी सगळं आयुष्य वस्तीतल्या शाळेत पोरांना शिकवण्यात घालवलं होतं. आता निवृत्त झाल्या होत्या, पण गल्लीतली अर्धी माणसं त्यांच्याच हाताखालून गेलेली. त्यामुळे कुणाचं काही हरवलं, कुणाचं कुणाशी बिनसलं की पोलिसांच्या आधी त्यांचं दार वाजायचं.

"पाय पूस आणि आत ये," त्या म्हणाल्या.

"आत नाही येत. तुम्हीच चला. एरास्टस आलाय."

मेमेंनी चहाची किटली खाली ठेवली. "चौथीत असताना गृहपाठ झाला नसला की तुझ्याकडे असंच कुणीतरी आलेलं असायचं, अक्सेल."

पण पोराचे ओठ पांढरे पडले होते. त्यांनी अंगावर शाल ओढली.

धुकं इतकं दाट होतं, की नेलागोचं घर आधी दिसलंच नाही, तिच्या फाटकाची कडी तेवढी कुरकुरताना ऐकू आली. अंगणात पिकअप उभी होती. बॅटरी काढलेली, उजव्या दाराची काच रंगासाठी उतरवलेली. आदल्या दिवशी अक्सेलनं उजवी बाजू घासून घासून नव्या भांड्यासारखी लख्ख केली होती. त्या उघड्या पत्र्यावर, खिडकीच्या जरा खाली, तांबूस केशरी रंगाचा पंजा होता. तळवा, अंगठा, तीन पूर्ण बोटं. मधलं बोट मात्र पहिल्या पेरापाशी संपलेलं.

एरास्टसचं उजव्या हाताचं मधलं बोट मासळीच्या कारखान्यात यंत्रात गेलं होतं. नेमकं तिथूनच.

"काल संध्याकाळी पत्रा कोरा होता," अक्सेल कुजबुजला. "आईची शपथ."

मेमे चष्मा पुसून जवळ गेल्या. रंग लावलेला नव्हता. तो गंज होता. पत्र्यातूनच आलेला. आणि जिथं मधलं बोट असायला हवं होतं, तिथं धुक्याचे बारीक थेंब मण्यांसारखे वेगवेगळे उभे होते. बाकी सगळ्या पत्र्यावर पाणी नुसतं पसरलं होतं.

त्यांनी त्या मण्यांना बोट लावलं आणि बोट बोटावर चोळलं.

मागून दाराचा आवाज झाला. नेलागो उंबऱ्यात उभी होती. हातातली बादली तिनं सोडली ती सरळ पायावर पडली, तरी तिला कळलं नाही.

२

वर्षामागं एरास्टस ज्या बोटीवर होता ती धुक्यात गेली आणि परत आली नाही. चार खलाशी सापडले. तो नाही. धक्क्यावर त्यानं उभी केलेली पिकअप तेवढी घरी आली.

गाडीचे कागद नेलागोच्या नावावर होते. ती विकून धक्क्यावर मासळी तळायचा एक छोटा गाळा घ्यायचा आणि त्यावर दोन पोरी वाढवायच्या, असं तिनं ठरवलं होतं. गाळेवाल्यानं सोमवारपर्यंत वाट बघतो म्हटलं होतं. पण रविवारी उत्तरेकडून एरास्टसचे नातलग येणार होते, वर्षाची प्रार्थना करायला. त्यांच्या घराण्यात मामाचं ते भाच्याचं अशी जुनी चाल. कागद कुणाच्याही नावावर असोत, एवढी माणसं अंगणात उभी राहिली की एकट्या बाईचं कोण ऐकणार? रविवारच्या आत गाडी विकली गेली नाही, तर ती उत्तरेला जाणार आणि नेलागो कारखान्यातच मासे कापत राहणार.

तो भाचा म्हणजे लिनुस. उंचापुरा, हसरा, तोही कारखान्यात मासळी कापणारा. गुरुवारी तो बातमी लागताच धावत आला. हात बघितला आणि हसू विसरला.

"मामानं सही केली," तो म्हणाला. "आता कोण विकतंय बघतो."

"सही करायची तर कागदावर केली असती," मेमे लोविसा म्हणाल्या. "त्याचं अक्षर बरं होतं. तुझ्यापेक्षा तर फारच बरं."

दुपारी गिऱ्हाईक आलं. बायकांना मेमे, तसं वडीलधाऱ्या पुरुषांना ताते. ताते कावेझेरी, आतल्या कोरड्या मुलखातले गुराखी, डोक्यावर टोपी, गुडघ्यांत जरा वाकलेले, तरी ताडमाड. त्यांना बकऱ्या बाजारात न्यायला गाडी हवी होती. खिशातून त्यांनी फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक काढलं आणि गाडीच्या डाव्या अंगावरून फिरवत निघाले. चुंबक जिथं चिकटेना, तिथं रंगाखाली पत्रा नाही, नुसती पुट्टी भरलेली, हे त्यांना ठाऊक होतं.

"किनाऱ्याची गाडी," ते म्हणाले. "म्हणजे मीठ खाल्लेली. पण हाडं चांगली आहेत."

मग डाव्या दारानं आत शिरून ते सरकत चालवणाऱ्याच्या जागी गेले, आणि त्यांचे गुडघे खाडकन स्टिअरिंगच्या चाकाला आपटले.

"अगागा! ही गाडी पोरं चालवायची का?"

अक्सेल हसला. नेलागो हसली नाही. ती चहा घेऊन आली होती. तिच्या मनगटांवर मिठाची पांढरी रेघ वाळलेली होती आणि उजव्या हाताच्या एका बोटाला चिंधी. ते बोट ती कपापासून लांब धरत होती. चिंधीला मेंढीच्या चरबीचा वास येत होता. लिनुसच्याही डाव्या हाताची दोन बोटं बांधलेली होती. मासळी कापणाऱ्यांत अख्खी बोटं असतात कुणाची!

ताते कावेझेरी उतरले, फेरी मारून उजवीकडे आले आणि थांबले. बराच वेळ त्यांनी त्या पंजाकडे पाहिलं. मग टोपी काढली.

"कुणाचा?"

अक्सेलनं नेलागोकडे पाहिलं. तेच उत्तर होतं.

"ऐका, मेमे," ते नेलागोला म्हणाले, "मेलेल्या माणसाची गाडी मी घेतली असती. मेलेल्या माणसासकट नको."

"ताते, शनिवारपर्यंत आहात ना गावात?" मेमे लोविसांनी विचारलं.

"मुलीकडे आहे. शनिवारी दुपारी निघणार."

"मग शनिवारी सकाळी चहाला या. अक्सेल, हा डाग आत्ता घासून काढ आणि लगेच वर प्रायमर मार."

अक्सेलनं मान डोलावली. डाग घासून काढला. पत्रा पुन्हा लख्ख झाला.

शुक्रवारी सकाळी हात पुन्हा त्याच जागी होता. आणि या खेपेला बोटं ओढल्यासारखी लांबली होती, जणू कुणी गाडी जाऊ नये म्हणून धरून ठेवत होतं.

३

"प्रायमर का नाही मारलास?"

मेमे लोविसांच्या स्वयंपाकघरात अक्सेल स्टुलाच्या कडेवर बसला होता. पुढ्यात तळलेले पिठाचे गोळे, पण हात लागत नव्हता.

"डबा संपला, मेमे."

"या गावात दूध पिणारं पोरसुद्धा सांगेल की घासलेला पत्रा धुक्यात उघडा ठेवायचा नाही. तू बुधवारी ठेवलास. काल मी सांगूनही ठेवलास. तुझ्या शेडमध्ये तीन डबे भरलेले मी आत्ता बघून आले. खा आणि खरं बोल. दोन्ही एकदम नको, घशात अडकेल."

अक्सेलनं जमिनीकडे पाहिलं. "लिनुस म्हणाला, रविवारपर्यंत काम लांबव. अर्धवट गाडी कोण घेणार? मग गाडी त्याची झाली की जुनं इंजिन मला." तो घाईघाईनं पुढे म्हणाला, "पण हात आम्ही नाही केला! मेमे, मला झोप नाही. काल तर मी डबा उघडला होता, खरंच. पण त्याला रंगाखाली गाडायचं म्हणजे... माझा हातच उचलेना."

"गाडीत कोणी बसलं होतं? तू, लिनुस?"

"कशाला? बॅटरी नाही तिच्यात. मी तर आत पाऊलही घातलं नाही. आणि लिनुस त्या हाताच्या जवळपाससुद्धा जात नाही आता. लांबूनच बघतो."

मेमेंनी लिनुसलाही बोलावून घेतलं. तो आला, पण बसेना.

"बस रे. बसून खोटं बोलणं सोपं जातं."

"मी कशाला खोटं बोलू? मामा माझ्या बाजूनं आहे, उघड दिसतंय."

"असेल. जरा हात दे."

टेबलावर ताटात त्यांनी पीठ पसरलं होतं. "उजवा. मधलं बोट दुमडून दाब. कापलेलं वाटलं पाहिजे."

लिनुसचा चेहरा उतरला. "म्हणजे मी केलं म्हणता?"

"मी काही म्हणत नाही. पीठ काय म्हणतं ते बघू."

त्यानं दाबलं. दुमडलेल्या बोटाचं पेर पिठात खोल रुतलं आणि तिथं वाटाण्याएवढा खळगा पडला. शेजारची दोन बोटंही वाकडी झाली. दारावरच्या हाताची बोटं मात्र लांबली तरी सैल, सरळ, आरामात टेकल्यासारखी होती आणि खळगा कुठेच नव्हता.

"तू नाहीस," मेमे म्हणाल्या.

लिनुसनं सुटकेचा श्वास टाकला आणि लगेच तो अर्ध्यात अडकला. "म्हणजे... मग खरंच मामाच?"

"डाव्या हाताला काय लागलंय?"

"सुरी. दुसरं काय? उजव्या हातात सुरी, डाव्या हातात मासा. कापलं तर डावंच कापणार."

"सगळ्यांचं?"

"सगळ्यांचं. आमची मामी सोडून. ती डावखुरी."

तो गेल्यावर मेमे लोविसा ताटासमोर तशाच बसून राहिल्या. शाळेत त्या पोरांना तीन खिळे दाखवायच्या. एक कोरड्या बरणीत, एक मिठाच्या पाण्यात, एक मिठाच्या पाण्यातच पण चरबी माखलेला. आठवडाभरानं पोरं बरण्या बघायची आणि चरबीचा खिळा तसाच चकचकीत बघून ओरडायची.

चरबी. मण्यांसारखे थेंब.

त्यांनी स्वतःचा हात पिठावर ठेवला. टेबलाजवळ उभं राहून ठेवला तशी बोटं पुढे गेली. मग त्यांना आठवलं. दारावरच्या हाताची बोटं खाली होती. जमिनीकडे. दाराशी उभा राहून माणूस पत्र्यावर हात टेकतो तेव्हा बोटं वर असतात.

बोटं खाली असतात ती गाडीत बसून हात बाहेर टाकणाऱ्याची.

एरास्टस तशीच गाडी चालवायचा. कोपर खिडकीवर, तळवा दारावर. निघताना दोनदा थापटायचा. सगळ्या गल्लीला तो आवाज माहीत होता.

४

शुक्रवारी दिवस मावळायच्या बेताला धुकं पुन्हा चढलं. नेलागो पाळीवरून अजून आली नव्हती, पोरी शेजारी होत्या. अक्सेलनं दुपारी डाग पुन्हा घासला होता. मेमेंनीच सांगितलं होतं, "प्रायमर नको मारूस. आजच्या दिवस राहू दे."

मेमे लोविसा अंगणात शिरल्या. गाडी धुक्यात कशी तरी अर्धीच दिसत होती, मागचा हौदा तर नव्हताच जणू. त्यांनी डावं दार उघडलं, चढल्या आणि सरकत सरकत एरास्टसच्या जागी जाऊन बसल्या.

आत जुन्या माशाचा, डिझेलचा आणि तंबाखूचा वास कोंडलेला होता. वर्ष झालं तरी. छताच्या पत्र्यावर आतून ओल धरली होती आणि एक एक थेंब त्यांच्या शालीवर पडत होता. कुठेतरी दूर धक्क्यावरचा भोंगा ओरडला.

मेमे ठेंगण्या होत्या. शाळेत फळ्याच्या वरच्या अर्ध्या भागावर त्यांना कधी लिहिता आलं नाही. तरी आता त्यांचे पाय खालच्या पेडलांवर अगदी नीट पोचले.

एरास्टस ताते कावेझेरींएवढा उंच होता. त्याच्या वेळी ही सीट पार मागे असायची. मेलेला माणूस आपल्या जागी परत आला, तर तो सीट पुढे कशाला ओढेल?

त्यांनी कोपर खिडकीवर टाकलं. हात आपसूक बाहेर लोंबला आणि तळवा दारावर टेकला. नेमका तिथंच. बघायचीही गरज नव्हती.

फाटकाची कडी कुरकुरली.

पावलं आली. थांबली. पुन्हा आली, फार हळू. मेमेंनी हालचाल केली नाही. धुक्यातून बघणाऱ्याला त्या म्हणजे एक काळी आकृती आणि दाराबाहेर टाकलेला एक हात एवढंच दिसत असणार. पावलं दारापासून दोन हातांवर थांबली.

किंकाळी येईल असं त्यांना वाटलं होतं. आली नाही. एक आवाज आला, मऊ, दमलेला, भीतीचा मागमूस नसलेला.

"आलास?"

मेमे लोविसांनी डोळे मिटले.

"नाही ग पोरी," त्या म्हणाल्या. "मी आहे."

५

नेलागो डाव्या बाजूनं आत येऊन बसली. मेमेंनी समोरच्या धुक्याकडे बघत विचारलं.

"रोज येतेस?"

"पाळी सुटली की. पोरींना घ्यायच्या आधी. थोडाच वेळ." तिचे हात मांडीवर होते. खारवलेल्या माशांनी भिजलेले, थंडीनं सुरकुतलेले. "तो म्हणायचा, तुला गाडी शिकवतो. शिकवली नाही. मी नुसते पाय ठेवून बसते."

"आणि हात बाहेर."

"त्याच्यासारखा." मग ती एकदम वळली. "मेमे, तो माझ्या हाताशेजारीच हात ठेवत असेल का? मी बसलेली असताना?"

मेमेंनी तिचा उजवा हात आपल्या हातात घेतला. चिंधी बांधलेलं मधलं बोट वर धरलं. चरबीनं चिंधी मेणचट झाली होती.

"तुझ्या हाताला मीठ असतं. उघड्या पत्र्याला मीठ लागलं आणि वर धुकं बसलं, की सकाळी तिथं गंज. जिथं चरबी, तिथं गंज धरत नाही. रंग होता तोवर वर्षभर काही दिसलं नाही. अक्सेलनं पत्रा उघडा ठेवला म्हणून दिसलं. काल उठताना तुझा हात पत्र्यावर सरकला असेल, म्हणून बोटं लांबली."

नेलागोला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा ती रडेल असं मेमेंना वाटलं. ती रडली नाही. तिचा चेहरा नुसता रिकामा झाला, पाहुणे गेल्यावर घर होतं तसा.

"म्हणजे तो नव्हताच," ती म्हणाली. "मी इतकी घाबरले होते, मेमे. आणि तरी..."

"ठाऊक आहे."

"हे कुणाला सांगू नका. त्याच्या घराण्यात वर्ष पुरं होईतो बायकोनं नवऱ्याच्या जागी बसायचं नाही. त्याच्या खुर्चीवर नाही, पलंगाच्या त्याच्या बाजूला नाही. कळलं तर रविवारी मला म्हणतील, हिनंच त्याला निजू दिलं नाही."

आणि सांगितलं नाही, तर मेलेल्याचा हात गाडी धरून बसणार. मेमे लोविसांना दोन्ही बाजू दिसत होत्या.

"मी उद्या मीठ, धुकं आणि पत्रा एवढंच सांगेन," त्या म्हणाल्या. "हात कुणाचा, हे माझं सांगायचं नाही." त्या उतरून फाटकाशी पोचल्या तेव्हा नेलागो त्या जागी सरकून बसली होती, हात बाहेर टाकून.

६

शनिवारी सकाळी अंगणात पाच जण जमले, मेमे आणि नेलागो धरून. ताते कावेझेरी गाडीपासून चार पावलं लांब उभे राहिले. हात दारावर होता, तिसऱ्यांदा, ताज्या जखमेसारखा.

मेमे लोविसांनी एक पत्र्याचा तुकडा पुढे ठेवला. "अक्सेलनं काल घासून दिला. मी रात्रभर माझ्या ओसरीवर ठेवला होता. यावर माझे तीन हात आहेत. दिसतात किती?"

"एकच," अक्सेल म्हणाला.

"कोरड्या हाताचा नाही उमटला. चरबी लावलेल्या हाताचा नाही उमटला. मिठाच्या पाण्यात बुडवलेल्याचा उमटला. या गाडीवर भूत नाही, ताते. खारट हात आहे. या गावात तसे हात घरोघरी आहेत."

ताते कावेझेरींनी हनुवटी खाजवली. अक्सेल पत्र्याकडे बघून पहिल्यांदा मोकळा हसला. तेवढ्यात लिनुस बोलला. तो चेष्टा करत नव्हता.

"मेमे, मामा वर्षभर समुद्रात आहे. त्याच्यापेक्षा खारट हात कुणाचा?"

इतक्या वर्षांत कुठल्या पोरानं मेमे लोविसांना असं निरुत्तर केलं नव्हतं. ताते कावेझेरींनी हळूच टोपी डोक्यावर चढवली. जाणाऱ्या माणसासारखी.

मेमेंनी नेलागोकडे पाहिलं नाही. मुद्दामच.

उंबऱ्यावर बसलेली नेलागो उठली. दातांनी गाठ ओढून तिनं बोटाची चिंधी सोडवली आणि खिशात घातली. मग पुन्हा बाहेर काढली, पुन्हा बोटाला गुंडाळली. गाडीला वळसा घालून ती डाव्या दारानं आत शिरली, सरकत गेली, एरास्टसच्या जागी बसली. कोपर खिडकीवर टाकलं. हात खाली आला.

तळव्यावर तळवा बसला. बोटावर बोट. चिंधी बांधलेल्या बोटाखाली कोरा पत्रा.

"माझा आहे," ती म्हणाली.

लिनुस एक पाऊल मागे सरला. "मामी... तू मामाच्या जागी बसलीस? वर्षाच्या आत?"

"बसले. रोज बसले." तिचा आवाज चढला नाही. "तुझ्या आजोबांची कबर आहे, तिथं तुझी आजी जाऊन बसते. माझ्या नवऱ्याला जमीन मिळाली नाही, लिनुस. मी कुठं जाऊन बसू? समुद्रात? उद्या सगळ्यांसमोर विचार मला, मी हेच सांगेन. तू त्यांना आधी सांगणार असशील तर सांग. पण गाडी का अर्धवट राहिली तेही सांग."

लिनुसनं अक्सेलकडे पाहिलं. अक्सेल पायानं वाळू उकरत होता. उंचापुरा लिनुस अंगणात एकदम चौथीतला दिसू लागला.

"ती चाल घरातल्या खुर्चीसाठी आहे," शेवटी तो पुटपुटला. "गाडीबद्दल कुणी कधी काही म्हटलेलं नाही."

"मग उद्याही कुणी म्हणायला नको," मेमे लोविसा म्हणाल्या.

"मी बघतो," तो म्हणाला.

ताते कावेझेरी चार पावलं पुढे आले. ते दाराशी गेले आणि नेलागोचा हात अजून जिथं होता त्याच्या शेजारी पत्र्यावर त्यांनी बोटांनी टकटक केलं, कुणाच्या घराचं दार वाजवावं तसं.

"हाडं चांगली आहेत हे मी परवाच म्हटलं होतं," ते म्हणाले. "घेतो. रंग गावाकडे देईन. पण प्रायमर आत्ता, माझ्यासमोर."

अक्सेल डबा आणायला धावला. घासकागद नेलागोनं स्वतः उचलला. कुणी अडवलं नाही. ती दारासमोर गुडघ्यांवर बसली आणि घासू लागली, आधी अंगठा, मग तळवा, मग एकेक बोट. केशरी धूळ तिच्या परकरावर पडत राहिली. तुटक्या बोटाशी आल्यावर ती थांबली. तेवढा ठसा राहिला होता, पेराएवढा.

तिनं वर पाहिलं. ताते कावेझेरी सगळं बघत होते. गंज कळणारा माणूस तो. रंगाखाली राहिलेला गंज आतल्या आत काय करतो हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

"आमच्याकडे हवा कोरडी," ते म्हणाले. "तेवढ्याला काही होत नाही. राहू दे."

"खरंच?"

"एवढंच, की ही गाडी मी पुन्हा समुद्राकडे आणणार नाही." ते समुद्र होता त्या दिशेला बघत होते, तिथं धुक्याशिवाय काही नव्हतं. "मालक ओळखेल."

दुपारपर्यंत उजवी बाजू विटकरी रंगाची, एकसारखी झाली. अक्सेलनं बॅटरी बसवली, काच चढवली. ताते कावेझेरी आत चढले, आणि गुडघे आपटायच्या आधीच थांबले. खिडकीतून त्यांनी नेलागोला विचारलं,

"मेमे, सीट मागे घेऊ का?"

नेलागोनं आधी मेमे लोविसांकडे पाहिलं, मग फाटकाकडे. मग मान डोलावली.

सीटखालची सरकपट्टी गंजली होती. त्यांनी जोर लावला तेव्हा ती मोठ्यानं किंचाळली, आणि सीट मागे सरकत सरकत, वर्षभरापूर्वी जिथं होती तिथं जाऊन खट्कन बसली.